पासिंगपुरती गाडी

क्लाइव्ह रड हा खडूस माणूस आहे, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. क्लाइव्ह रड म्हणजे मीच. डर्बीशायरच्या डोंगरातल्या या गावात गाड्यांचं वर्षाचं पासिंग करणारा मी एकटा, आणि बावीस वर्षं तेच करतोय. टायर घासलेला असेल तर नापास, दिवा लागत नसेल तर नापास, मग गाडी कुणाचीही असो. पाद्रीबाबांची गाडी मी दोनदा नापास केलीय आणि मेव्हण्याची तीनदा. तो मेव्हणा आता माझा मेव्हणा राहिलेला नाही, कारण त्याची बहीण पॉलीन मला सोडून एका कॅरव्हॅन विकणाऱ्याबरोबर स्पेनला गेली. अर्थात तिचं जाणं काही त्या तीन नापासांमुळे नव्हे. निदान मी तरी तसंच समजतो.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. आपल्या गाडीची तपासणी उभं राहून बघायचा गिऱ्हाइकाला हक्क असतो. म्हणून मी जमिनीवर एक पिवळी रेघ मारून ठेवलीय आणि रेघेच्या अलीकडे एक खुर्ची टाकलीय. त्या खुर्चीवर कोणी म्हणजे कोणी बसत नाही. लोक चावी टेकवतात, फोनमध्ये बघतबघत "किती वाजता येऊ?" विचारतात आणि सटकतात. दिवसभरात माझ्याशी सगळ्यात जास्त बोलतो तो रेडिओ, आणि तोही हवामानाबद्दल.

अपवाद फक्त मिस्टर हॅस्लम यांचा. मार्चचा पहिला मंगळवार, सकाळी दहाचा ठोका. वरच्या माळावरून, चार मैलांवरून ते आपली लाल मोटरसायकल घेऊन यायचे. एकशेपंचवीस सीसीची, त्र्याऐंशी सालची गाडी. या जातीच्या गाड्या मुळातच चिवट, पण ही म्हणजे कमालच होती. बारा वर्षांत तिला नापास करणं तर सोडाच, कागदावर एका ओळीची सूचना लिहायचीही संधी मला मिळाली नाही. चेन बघावी तर ताणलेली, तेल दिलेली. ब्रेक कचकन लागायचे. पुढचे शॉकअप कोरडे ठणठणीत. मी टॉर्च घेऊन गुडघ्यांवर रांगायचो आणि हात हलवत उठायचो.

हॅस्लम खुर्चीवर कधी बसायचे नाहीत. हात पाठीमागे बांधून पिवळ्या रेघेवर बुटांची टोकं टेकवून उभे राहायचे.

"काही निघालं का रे?"

"काही नाही निघालं."

"काहीच नाही? साधा बल्बसुद्धा नाही?"

"अहो, पास झालीय गाडी. पेढे वाटा."

यावर त्यांचा चेहरा असा पडायचा, की वाटावं मी गाडी जप्तच केली. पहिली तीन वर्षं मला वाटलं, म्हातारा नाटकी आहे, गाडीची स्तुती ऐकायला टपलाय. चौथ्या वर्षी मी कागद देताना म्हटलं, "मिस्टर हॅस्लम, ही गाडी दर वर्षी बरोब्बर आठ मैल पळते. चार मैल इथे यायला आणि चार परत जायला. बाकी वर्षभर काय, लोणचं घालता का तिचं?"

तेव्हा ते पहिल्यांदा हसले आणि खिशातून एक पुडी काढली. आत ओटची धिरडी होती, चीज घालून गुंडाळलेली. आमच्याकडे घरोघरी असतात, पण ती बायकोच्या पद्धतीची, जरा जास्त भाजलेली. बाकावर बसून आम्ही ती खाल्ली आणि मला सगळं कळलं.

बर्फावरून घसरून त्यांनी मांडी मोडून घेतली होती. मेव्हिसने, म्हणजे बायकोने, पाच महिने त्यांचं सगळं केलं आणि ते उभे राहिले त्या दिवशी शब्द घेतला. गाडी विकायची नाही, कारण चाळिशीत झालेल्या लग्नाआधी ती स्वतः मागे बसून त्या गाडीवरून फिरली होती. पण चालवायचीही नाही. "पासिंगला लागेल तेव्हाच चालवायची, एडविन. एरवी नाही." पुढच्या वर्षी ती गेली. काय आजार होता ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"मग तुम्ही खरंच एरवी चालवत नाही? कोण बघतंय तिथे माळावर?"

"शब्द दिलाय ना," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.

मग कळलं, चेहरा का पडायचा ते. गाडी नापास झाली असती, तर दुरुस्त करून दहा दिवसांत पुन्हा आणावी लागली असती. म्हणजे आणखी एक फेरी. पण गाडी मेली इतकी गुणी, की स्वतःच्याच मालकाला घरात डांबून ठेवायची.

आणि आता खरं सांगतो. मीही त्या मंगळवाराची वाट बघायला लागलो होतो. फेब्रुवारी लागला की पुढच्या मार्चच्या पानावरचं त्यांचं नाव बघायचो. त्या दिवशी बाराच्या आधी दुसरी गाडी घ्यायचो नाही. पाऊण तासाचं काम मी दोन तास लावायचो. पॉलीन गेल्यावर माझ्याबरोबर बसून जेवलेला माणूस तो एकच, तेही वर्षातून एकदा आणि बाकावर.

गेल्या वर्षी सगळं बिघडलं, आणि बिघडवलं ते माझ्या तोंडाने.

कायदा असा आहे, की गाडीला चाळीस वर्षं पूर्ण झाली की पासिंग लागत नाही. हौस असेल तर करून घ्या, बंदी नाही, पण सक्तीही नाही. त्र्याऐंशीच्या गाडीला चाळीस झाली होती. मला ते जानेवारीपासून माहीत होतं. मी गप्प बसलो असतो तर काय आभाळ कोसळलं असतं? पण कागद हातात दिला तसं ते म्हणाले, "पुढच्या वर्षीचा मंगळवार लिहून ठेव," आणि माझ्या हातात पेन होतं, समोर वही होती, आणि मला ते लिहिता येईना. ज्याची गरज नाही त्याची तारीख मी कोणालाही देत नाही. तोंडातून निघून गेलं.

"म्हणजे लागत नाही?" त्यांनी विचारलं.

"लागत नाही. हौसेने आणता येईल."

"हौस म्हणजे लागणं नव्हे, क्लाइव्ह."

त्यांनी गाडीच्या टाकीवर हात ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "काहीतरी काढ ना रे. एक बल्ब गेला म्हण. नापास कर."

माझं डोकंच फिरलं. "मिस्टर हॅस्लम, एकवीस वर्षांत मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही! तुम्हाला मी काय वाटलो?"

"चुकलो," ते म्हणाले. "विसर मी बोललो ते." हेल्मेटचा पट्टा त्यांना लावता येईना. मी मदतीला पुढे झालो नाही. रागात होतो ना.

त्यानंतरचं वर्ष फार वाईट गेलं. मी एकटा होतोच, पण आपण एकटे आहोत हे रोज कळावं असं आधी होत नव्हतं. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. सातआठ वेळा फोन उचलला आणि ठेवला. बोलणार काय? माझं बोलणं सगळं टायर आणि ब्रेकचं. नाताळात एक कार्ड आणलं, त्यावर 'आपला, क्लाइव्ह रड' एवढंच सुचलं, म्हणून टाकलंच नाही.

या मार्चचा पहिला मंगळवार आला. वहीत त्या जागी काही लिहिलेलं नव्हतं, पण मी ती जागा कोणाला दिली नव्हती. बेकरीवाल्या बाईचा फोन आला, तिला म्हटलं आज शक्य नाही, फार काम आहे. फार काम! रिकाम्या गॅरेजमध्ये मी नट खोलायचे पाने मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावून ठेवले, मग छोट्यापासून मोठ्यापर्यंत. दहा वाजले, साडेदहा झाले. अकराला मनात आलं, मेला असेल म्हातारा, आणि तुला कोण कळवणार? मी रेडिओ बंद केला.

साडेअकराला मी दारात आलो आणि वळणावर लाल टाकी दिसली. आवाज मात्र नव्हता. हेल्मेट हँडलला लटकवलेलं, आणि मिस्टर हॅस्लम, वय वर्षं एक्याऐंशी, गाडी ढकलत येत होते.

मी धावत गेलो. "बंद पडली?"

"बंद कशाला पडेल ही?" त्यांना रागच आला.

"मग ढकलताय कशाला?"

"चालवायची नाही म्हणालीय ती. ढकलायची नाही असं कुठे म्हणालीय?"

मला हसू फुटलं, आणि मध्येच हसणं अडकलं. माणूस घामाने भिजला होता, ओठ निळसर पडले होते. पहाटे सहाला निघालो, म्हणाले. उतार होता, म्हणून बरं. मी गाडी हातात घेतली, त्यांना आत आणलं, आणि त्या खुर्चीवर बसवलं. ते मुकाट्याने बसले. चहात मी न विचारता तीन चमचे साखर टाकली.

"हौस म्हणजे लागणं नव्हे, असं तुम्हीच म्हणाला होतात," मी म्हटलं.

"म्हणूनच ढकलत आणली."

"अहो पण आणलीत कशाला?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. "मंगळवार होता," ते म्हणाले.

मी तपासणी केली. सगळी केली, एक कलम सोडलं नाही. मैलांचा आकडा टाकला तर पुन्हा बरोब्बर आठच वाढलेले. चाक काय, कोणी फिरवलं ते विचारत नाही. गाडी पास झाली. पुडीतली धिरडी वाटेत चुरगळली होती, आम्ही ती बोटांनी गोळा करून खाल्ली. दोन वाजता ते उठले, हेल्मेट हँडलला लटकवलं आणि गाडी रस्त्यावर घेऊन ढकलायला वाकले.

"थांबा, मी व्हॅनमध्ये टाकतो," मी म्हटलं.

"व्हॅन बिघडलेल्या गाडीला. काही बिघडलेलं नाही, असं आत्ताच लिहून दिलंस ना?"

"चार मैल चढ आहे! छाती फुटेल तुमची!"

"फुटू दे. माझी आहे."

"हट्टी आहात तुम्ही! मरायचंय का रस्त्यात? आणि मग मी काय करू?" मी ओरडलोच. समोर पोस्टाच्या खिडकीत बाईचं डोकं दिसलं.

हॅस्लम थांबले. सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "तू खोटं बोलत नाहीस. मग नीट सांग. या गाडीला पासिंग लागतं का?"

नाही म्हणायला एक शब्द पुरे होता. हो म्हणालो असतो तर तो खोटा शब्द झाला असता, आणि ते त्यांनाही कळलं असतं.

"लागतं," मी म्हणालो.

"कुणाला? सरकारला तर नकोय."

"मला. मला लागतं."

रस्ता मोकळा होता, वारा सुटला होता. मग त्यांनी हँडलचं हेल्मेट काढलं, डोक्यात घातलं, आणि पट्टा लावून घ्यायला हनुवटी माझ्यापुढे केली. मी लावून दिला.

"'लागेल तेव्हा' म्हणाली मेव्हिस; कुणाला, ते नाही सांगितलं तिने," ते म्हणाले.

पाय टाकून ते बसले. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. क्लच दाबून, गिअर टाकून, ते निघणार तेवढ्यात पुन्हा वळले आणि इंजिनच्या आवाजात ऐकू यावं म्हणून मोठ्याने विचारलं, "आणि काय रे, वर्षातून एकदाच लागतं तुला?"

"नाही!" मी ओरडून सांगितलं. पोस्टातली बाई आता दारातच आली होती.