खुर्ची कोण ढकलणार

मास्तरीणबाईंचा परोपकार रोज दुपारी चारला चपला घालून घराबाहेर पडायचा आणि मागे त्यांची सून दार लावून घ्यायची. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून बाई वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांना फुकट गणित शिकवत. दारावर त्यांच्याच वळणदार अक्षरातली पाटी होती: ‘येईल त्याला शिकवू.’ टॅक्सीवाला, लॉन्ड्रीवाली, रखवालदार असे दहाबारा जण यायचे आणि बाईंना देव मानायचे. सुनेच्या वाट्याला त्या देवाची फक्त भांडी यायची.

घरी सासरे होते. झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. नवरा कारखान्यात पाळीवर. ‘तुमचं तुम्ही बघा’ एवढाच त्याचा घराला हातभार. मदतनीस ठेवण्याची ऐपत नव्हती. म्हणजे दोघींपैकी एकीने दुपारी घरात बसायला हवं, आणि ती कोण, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

सुनेला नर्सिंगच्या शाळेत जायचं होतं. वयाच्या अटीत बसणारं हे शेवटचं वर्ष, आणि प्रवेशपरीक्षेतलं गणित तिच्या मानगुटीवर बसलेलं.

“आई, मला घरीच थोडं शिकवाल?” तिने विचारलं.

“घरी आल्यावर माझ्यात जीव उरतो का?”

“मग मी वर्गाला येते.”

“आणि ह्यांच्याजवळ कोण बसणार? शेजारीण?” बाईंनी पर्स उचलली आणि त्या निघाल्याही.

सुनेचं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी बाई गेल्याबरोबर तिने सासऱ्यांना इस्त्रीचा शर्ट चढवला, चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची ढकलत थेट वाचनालय गाठलं. सासरे भलतेच खूश. कितीतरी महिन्यांनी त्यांना रस्ता दिसत होता. एकेका दुकानाकडे ते मान वळवून वळवून पाहत होते.

बाईंच्या हातातला खडू थांबला. त्या तरातरा दाराशी आल्या. “ह्यांना इथे कशाला आणलंस? माझी शोभा करायला?”

“शिकायला आलेय. पाटीवर ‘येईल त्याला’ लिहिलंय. ‘सून सोडून’ असं कुठे दिसलं नाही मला.”

टॅक्सीवाल्याने उठून जागा करून दिली. एवढ्या लोकांसमोर बाई काय बोलणार? पण त्या दिवसापासून शिकवणं हेच भांडण झालं. बाकीच्यांना सोपी गणितं, हिला मात्र फळ्याजवळ बोलावून घाम फोडणारी. चुकली की सगळ्यांदेखत, “पोळ्या लाटायचं डोकं वेगळं, हे वेगळं.” सुनेच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण ते तिथे सांडायचं नाही असं तिने ठरवूनच टाकलं होतं. घरी दोघींमध्ये ‘मीठ द्या’च्या पलीकडे शब्द नाही. सूनही इरेला पेटली. म्हातारीचं नाक खाली करायचं म्हणून ती प्रमाण शिकली, टक्केवारी शिकली, औषधाच्या मात्रेची गणितं तोंडी सोडवायला लागली. खरं सांगायचं तर इतकं चांगलं बाईंनी आजवर कुणालाच शिकवलं नव्हतं.

सून पास झाली. वर्गात टाळ्या वाजल्या, अर्थात बाईंसाठी.

“बाई, स्वतःच्या सुनेला घडवलंत! त्याला मोठं मन लागतं,” टॅक्सीवाला म्हणाला.

बाईंनी टाळ्या पुऱ्या होऊ दिल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, “उद्यापासून वर्ग बंद. सूनबाई आता दिवसभर शिकायला जाणार. घरी आजारी माणसाजवळ कुणीतरी हवंच.”

घाव नेमका बसला. सगळ्या माना सुनेकडे वळल्या.

“मग आमचं काय?” लॉन्ड्रीवाली तिच्यावरच खेकसली. “तुझं झालं, आता आम्ही बसतो बोंबलत!”

क्षणभर सुनेला वाटलं, सोडून द्यावं सगळं. मग तिचा संताप उसळला. “वर्ग बंद कशाला, आई? मी बाबांना रोज घेऊन येत होते ना? तुम्हीही आणा.”

“मी? ही खुर्ची ढकलत? भर रस्त्यातून?” बाईंचा तोल गेला. “लोक बघत राहतात ह्यांच्याकडे. लाळ गळते ह्यांची. लाज वाटते मला!”

सासरे खिडकीशी बसले होते. त्यांचं बोलणं जड झालं होतं, ऐकणं नाही. डाव्या हाताने चाचपडत त्यांनी रुमाल शोधला आणि हनुवटी पुसली.

आपण जिंकलो हे सुनेला कळलं, पण तिला सासऱ्यांकडे बघवेना. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या कुणाकडेही न बघता खुर्चीमागे गेल्या, दोन्ही दांडे धरून त्यांनी जोर लावला. खुर्ची हलेना. त्यांनी पुन्हा जोर लावला. ब्रेक लावलेला होता. पुढे व्हायची सुनेला फार सवय होती, पण ती हात मागे बांधून उभी राहिली.

शेवटी सासऱ्यांनीच डावा हात खाली नेला आणि ब्रेक सोडला. खुर्चीला हिसका बसला.

“हळू,” ते म्हणाले. जिभेत अडखळत, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. “माणूस बसलाय.”