पाणी कुणी प्यायलं?

मी एक जुनी बाटली आहे. स्टीलची, पोटाला पोचा पडलेली, टोपणाचा पट्टा तुटला म्हणून तिथं सुतळी बांधलेली. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना आधी आपल्या चकाकीचं कौतुक करतात. मी ते करणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो पुष्कळ दिवस पोटात साठलेला आहे.

कुठल्या कारखान्यात घडले ते आठवत नाही. हिंगोलीत एका बाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला वाण म्हणून लुटलं आणि मी दिपाताईंच्या पदरात पडले. सुरुवातीला माझी नेमणूक शेतात होती. हळद काढणीच्या दिवसांत उद्धवदादा, म्हणजे दिपाताईंचे मालक, मला ओल्या गोणपाटात गुंडाळून बांधावरच्या सावलीत ठेवायचे. पिवळ्या हातांनी मला उचलून माणसं घटाघटा पाणी प्यायची आणि म्हणायची, "काय गार हाय! फ्रिजला मागं टाकलं हिनं." तेव्हा रिकामी होण्यातही एक मान होता.

मग त्यांची शिवकन्या आठवीत गेली. गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढचं हायस्कूल मोठ्या गावाला. दिपाताईंनी मला चिंचेनं घासलं, भांड्यांच्या दुकानात नेऊन पोटावर ‘चि. शिवकन्या’ असं नाव घालून घेतलं आणि जुन्या पॅन्टच्या कापडाचं कव्हर शिवलं. मी शाळेत जाणार होते! मला मोठी बढती मिळाल्यासारखं वाटलं.

"पाणी पी बरं का, शिवे," दिपाताई रोज बजावायच्या. "संध्याकाळी बाटली भरलेली दिसली तर माझ्याशी गाठ हाय."

संध्याकाळी मी रिकामीच असायचे. दिपाताई मला उलटी करून बघायच्या. एखादा थेंब तळहातावर पडला की त्यांच्या जिवाला बरं वाटायचं. शेजारणीला त्या सांगायच्या, "आमच्या पोरीचं एक बरं हाय. पाणी बराबर पिती."

मित्रांनो, ते पाणी शिवकन्या पीतच नव्हती.

दिवसभर मी बाकाच्या कप्प्यात तुडुंब भरून पडलेली असायचे. माझ्या शेजारच्या बाटल्याही तशाच. उन्हानं पत्रा तापला की आमच्यातलं पाणी कोमट व्हायचं. शिवकन्या टोपणात घोटभर ओतायची, ओठ ओले करायची आणि टोपण घट्ट फिरवायची. का, ते ऐका.

त्या शाळेत मुलींचं शौचालय होतं. फरशी पांढरीशुभ्र, दार नवं, बाहेर फुलांची चित्रं. पण दाराला कुलूप होतं. किल्ली ऑफिसमध्ये, हेडसरांच्या डोक्यामागच्या खिळ्याला. ती हरवू नये म्हणून तिला मोडक्या बाकाच्या पायाचा ठोकळा बांधलेला, आणि ठोकळ्यावर ऑइलपेंटनं ‘मुली’ असं लिहिलेलं. जिला जायचं तिनं ऑफिसात सगळ्या सरांसमोर किल्ली मागायची, तो ठोकळा हातात धरायचा आणि दहावीच्या मुलांच्या वर्गावरून अख्खा व्हरांडा ओलांडायचा. खिडकीतून ठोकळा दिसला रे दिसला, की आतून कुणीतरी कंपासपेटीवर दोनदा वाजवायचं. टण टण. कंडक्टर गाडी सोडताना देतो तशी डबल बेल. मग वर्गभर हसू.

शिवकन्येची मैत्रीण प्रतिक्षा. तिनं ही तकलीफ घरी सांगितली. तिचा भाऊ तावातावानं शाळेत आला, दहावीच्या पोरांशी भांडला, आणि घरी गेल्यावर प्रतिक्षाचीच शाळा बंद झाली. आता गाडी गेली की ती दारातून बघते. ते पाहून शिवकन्येनं ठरवलं, घरी एक शब्दही बोलायचा नाही. पाणीच प्यायचं नाही, म्हणजे किल्ली नको.

मग माझ्यातलं पाणी जायचं कुठं? फाट्यावर.

संध्याकाळी ती जीपमधून उतरली की बाभळीखाली भुरी वाट बघत बसलेली असायची. भुरी म्हणजे त्यांच्या घरची कुत्री, एक कान दुमडलेली. तिथं एका फुटक्या माठाचं खापर ठेवलेलं होतं. शिवकन्या मला त्यात उपडी करायची, भुरी लपलप पाणी प्यायची, आणि ही तिच्याशी बोलायची. घरी, शाळेत जे बोलता येत नव्हतं ते सगळं तिथं.

"भुरे, आज निबंध स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. विषय काय होता म्हाईत हाय? स्वच्छ शाळा. मी लिहिलं, आमच्या शाळेत मुलींसाठी स्वच्छ शौचालय आहे. खोटं हाय का सांग? स्वच्छच हाय ते."

भुरी शेपटी हलवायची.

"भावाचं, रुद्रचं पोट दुखलं की माय ओवा आणती, बाबा गाडी काढतात. माझं दुखलं की माय नुस्ती तारीख मोजती. आन वर्गात शिकवतात, मुलगा-मुलगी समान. तुझं बरं हाय बाई. तुला कुणाला किल्ली मागायची न्हाई."

मी तिथंच असायचे, तिच्या हातात. पण मला ओरडता येत नव्हतं. सकाळी मला भरणाऱ्या हातांना सांगावंसं वाटायचं, अहो, मला उलटी करून काय बघता? पोरीचे ओठ बघा, कसे सुकलेत!

व्हायचं तेच झालं. शिवकन्येला ताप भरला, कंबरेत कळा येऊ लागल्या, लघवीला जळजळ होऊ लागली. दिपाताई तिला हिंगोलीला घेऊन गेल्या. मीही पिशवीत होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी किती पिते?"

"भरपूर पिती मॅडम," दिपाताई ठासून म्हणाल्या. "बाटली रोज रिकामी येती. मी सोता बघती."

शिवकन्या मान खाली घालून बसली. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दिपाताईंकडे. "पाणी पिणाऱ्या मुलीचा रिपोर्ट असा येत नाही. मूत्रपिंडापर्यंत सूज गेली तर अवघड होईल. नीट विचारा तिला."

दिपाताईंनी वाटेत विचारलं. शिवकन्येनं पिशवीत हात घालून माझं टोपण आणखी घट्ट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी औषध आणायला दिपाताई एकट्याच गेल्या. परत येताना फाट्यावर उतरल्या तेव्हा मी त्यांच्या हातात होते. बाभळीखालून भुरी धावत आली. त्यांच्याकडे तिनं पाहिलंही नाही. तिनं मला हुंगलं, पळत जाऊन खापरापाशी बसली आणि माझ्याकडे बघून भुंकली. परत आली, परत हुंगलं, परत खापरापाशी जाऊन बसली.

"काय गं, काहून भुकून राहिली?" म्हणत दिपाताईंनी खापरात थोडं पाणी ओतलं. भुरीनं रोजच्यासारखं पायानं खापर दाबून धरलं आणि चाटून पुसून साफ केलं. मग पुन्हा माझ्याकडे पाहू लागली. रोज अख्खी बाटली मिळायची ना तिला!

दिपाताईंनी मला हलवून बघितलं. खापराकडे पाहिलं. आणि तिथंच मातीत बसल्या.

घरी जाऊन त्या पोरीच्या उशाशी गेल्या. रागावल्या नाहीत. "शिवे, भुरीला रोज पाणी पाजतीस व्हय?"

शिवकन्येच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. किल्ली, ठोकळा, डबल बेल, सगळं सांगून टाकलं तिनं. शेवटी म्हणाली, "बाबाला सांगू नको माय. प्रतिक्षावानी घरी बसवतील."

उद्धवदादा दारातच उभे होते. म्हणाले, "मग बसू दे घरी. जिवापेक्षा शाळा मोठी हाय का?"

"कुलूप त्यायनं लावलं," दिपाताई म्हणाल्या, "आन शाळा आपल्या पोरीची बंद करायची? हे कोणतं गणित हाय तुमचं?"

उद्धवदादा बैलांना वैरण टाकायला निघून गेले.

सकाळी दिपाताई मला पिशवीत टाकून शाळेत गेल्या. ऑफिसात सगळे सर चहा पीत होते. "बसा ताई," हेडसर म्हणाले. दिपाताई उभ्याच राहिल्या.

"मला किल्ली पाहिजे."

"कसली किल्ली?"

"ती. तुमच्या डोक्यामागची. मला जायचंय."

एक सर खिडकीबाहेर बघू लागले, दुसरे बशीत. दिपाताईंनी ठोकळा घेतला आणि व्हरांड्यातून चालू लागल्या. दहावीच्या वर्गापाशी आल्या तशी आतून टण टण वाजलं. त्या थांबल्या, खिडकीत गेल्या.

"कंडक्टर कोण हाय रे तुमच्यात? ये बाबा बाहेर. मला तिकीट फाडून दे."

मागच्या बाकावरचा एक जण कंपासपेटी दप्तरात कोंबू लागला.

"लाजू नको. तुझ्या घरी माय हाय, बहीण हाय. त्यायला बी दे बेल."

मग त्यांनी कुलूप काढलं. हेडसर तोवर मागोमाग आले होते. "ताई, तुमचं बरोबर आहे. पण उघडं ठेवलं की घाण होतं. आता बघा, किती स्वच्छ राहिलंय."

"कुणी वापरलंच न्हाई सर, म्हणून स्वच्छ हाय," दिपाताई म्हणाल्या. "पाणी टाका, झाडायला बाई लावा. घाण झाली तर आमी आया येऊन धुऊ."

"बघू. मीटिंगमध्ये विषय घेतो."

"घ्या. तवर कुलूप माझ्याजवळ राहील." आणि त्यांनी किल्ली, ठोकळा, कुलूप सगळंच पिशवीत टाकलं. जीपमध्ये खड्ड्याखड्ड्याला ते कुलूप माझ्या पोटावर आपटत होतं. माझा दुसरा पोचा तिथलाच. तो मी मिरवते.

शिवकन्या बरी होऊन शाळेत गेली. पहिल्याच तासाला तिनं मला उचललं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायली. शेजारच्या बाकावरही एक टोपण फिरल्याचा आवाज आला. संध्याकाळी खापरापाशी भुरीनं मला हुंगलं, मी खरोखर रिकामी होते, आणि ती रुसून घरापर्यंत मागं मागं चालत आली. आता दिपाताई रोज तिच्यासाठी एक डबा पाणी फाट्यावर नेऊन ठेवतात.

पण मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. ती मीटिंग अजून झालेली नाही. कुलूप आमच्या फळीवर माझ्या शेजारीच बसलेलं असतं. उद्या शाळेनं नवं आणलं तर? आणि प्रतिक्षा अजून दारातच उभी आहे. तिच्यासाठी कुणी पिशवी घेऊन निघालेलं नाही.

म्हणून एवढंच मागते. आमच्यासारख्या बाटल्या घासा, पुसा, हवं तर नाव घाला. पण संध्याकाळी आम्हाला उलटं करून समाधान मानू नका. आम्ही रिकाम्या आलो, तर लेकराला जवळ बसवा आणि विचारा, पाणी कुणी प्यायलं?