ऐच्छिक सराव

"बाबा, तुम्ही व्हा पुढे, आलेच मी."

मुलगी जिना उतरत होती खरी, पण आडवी होऊन, दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. पंधरा वर्षांची पोर आणि उतरणं आजीबाईंचं! शाळेचा कारकून असलेला तिचा बाप दोन पायऱ्या परत वर चढला.

"पाय दुखतोय ना?"

"छे! झोप गेली नाही अजून."

त्याने नडगीला नुसतं बोट लावलं, तर ती कळवळली आणि पायरीवरच बसली.

स्पर्धा संपून दोन महिने झाले होते, पुढच्या यायला सहा महिने होते. तरी सुट्टीत पहाटे धावणं, संध्याकाळी वजनं आणि रविवारी टेकडी. सूचना त्यानेच टाइप केली होती: सराव ऐच्छिक आहे. खाली दुसरी ओळ: तीनदा गैरहजर राहिल्यास संघातून नाव कमी होईल.

"सर, ऐच्छिक आहे तर हजेरी कशाला?" त्याने तेव्हा विचारलं होतं.

"इच्छा कोणाची आहे ते कळायला!" प्रशिक्षक हसले होते. साहेबलोकांच्या विनोदाला हसायचं असतं, म्हणून तोही हसला होता.

तापात मुलीच्या दोन गैरहजेऱ्या झाल्या होत्या. आज तिसरी.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हजेरी तुम्हीच लावता ना? एक 'ह' तर लिहायचाय."

बावीस वर्षांत त्याच्या रजिस्टरात एक खाडाखोड नव्हती. शाळेत त्याला 'पक्की शाई' म्हणत. "हिला डॉक्टरकडे ने," एवढं बायकोला सांगून तो निघाला.

मैदानावर पोरी धावत होत्या. अकरांपैकी चौघी लंगडत होत्या. आजवर त्याने नावं पाहिली होती, पाय नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मुलीच्या नावापुढे पेन थांबलं. 'ह' लिहायला कितीसा वेळ? पण आज 'ह' लिहिला, तर उद्या तोच पाय घेऊन ती इथे उभी राहणार. त्याने 'गै' लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सराव ऐच्छिक आहे'.

प्रशिक्षकांनी वाचलं. "पक्की शाई, तुमचीच मुलगी आहे. नाव कापावं लागेल."

"कापा, सर."

"ही इच्छा तिची की तुमची?"

"माझी."

"मग रेघ तुम्हीच मारा."

त्याने पट्टी घेतली आणि रेघ मारली. ती सरळ आली नाही.

घरी आला तेव्हा मुलीचा पाय उशीवर होता. "हाडाला बारीक तडा गेलाय," बायको दारातच म्हणाली. "आणखी आठवडाभर धावली असती तर मोडलंच असतं."

"बाबा, लिहिलंत?" आतून आवाज आला.

"लिहिलं."

"मला माहीत होतं." ती हसली, कूस बदलायला गेली, जमलं नाही, तशीच डोळे मिटून पडली. दोन मिनिटांत तिला गाढ झोप लागली.

ती जागी झाली की सांगायला हवं होतं. त्याने बर्फाची पिशवी उचलली आणि तिच्या नडगीवर अलगद धरून तो पायाशी बसला. पाणी बाहीतून कोपरापर्यंत ओघळलं, तरी त्याने हात हलवला नाही.