आबाजीच्या खोलीची खिडकी

वणीतून घर हलवायचं ते मैत्रेयीच्या छातीसाठी, यात धम्मरत्नच्या घरात दुमत नव्हतं. नऊ वर्षांची पोर, आणि महिन्यातून दोनदा दवाखान्यात नेऊन तिच्या नाकातोंडाला वाफ लावायची. कोळशाचे ट्रक दिवसभर दारावरून जायचे. अंगणात वाळत घातलेला पांढरा युनिफॉर्म संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचा. डॉक्टरांनी शेवटी हात टेकले. म्हणाले, "औषध मी देतो हो, पण हवा कुठून आणू?"

झालं, ठरलं. धम्मरत्नने वजनकाट्यावरची नोकरी सोडली, यवतमाळात खताच्या गोदामावर दुसरी धरली आणि टेकडीच्या पायथ्याशी दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट भाड्याने घेतला. समोर सागवान, मागे टेकडी. शाळा पायी दहा मिनिटांवर, आणि शाळा तरी कशी! मैदान एवढं मोठं, पुस्तकांची खोली वेगळी, बाई प्रत्येक पोरीला नावाने हाक मारणाऱ्या. जूनपासून मैत्रेयीला एकदाही दवाखाना दाखवावा लागला नाही. पोर धावायला लागली. तिची आई नलू शेजारणींना सांगून सांगून थकत नव्हती.

अडून बसला होता एकच माणूस, धम्मरत्नचा बाप उकंडा. त्याला सगळे आबाजी म्हणत. तीस वर्षं खाणीत काढलेला गडी, असा तसा ऐकतो थोडाच? म्हणाला, "मी येतो. पन माही सिगडी येईन, अन् कोयसाही येईन."

वणीकडे थंडीत घरोघरी हेच चालतं. सिगडी अंगणात पेटवायची, धूर सरून निखारा लाल झाला की आत आणायची आणि उशाशी ठेवून झोपायचं. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या घरात वारा शंभर फटींतून ये-जा करतो, म्हणून कुणाला काही होत नाही. लोकांना वाटतं, धूर नाही म्हणजे भीती नाही. आबाजी मात्र खाणीतला. कोंडलेली हवा माणसाचं काय करते हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. फ्लॅटच्या घट्ट बसणाऱ्या काचा बघूनच त्याने बजावलं, "माह्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी राहीन. कोनी हात लावाचा नाई."

त्या कोळशाच्या गावाने आणखी एक सवय अंगाला चिकटवली होती. दिवेलागणीला खिडक्या लावायच्या, नाहीतर धूळ ताटात. मैत्रेयी चालायला लागली तेव्हापासून धम्मरत्नने तिला तेच शिकवलं होतं. इथे कसली आलीय धूळ! तरी पोर रोज संध्याकाळी घरभर फिरून एकेक खिडकी लावायची. आबाजीची तेवढी सोडायची.

जानेवारीत यवतमाळला हाडं गोठवणारा गारठा पडला. एका सकाळी नलू चहा घेऊन आबाजीच्या खोलीत गेली आणि तिथूनच किंचाळली. म्हातारा शांत निजल्यासारखा पडला होता. सिगडीत राख होती आणि खिडकी गच्च बंद होती. डॉक्टरांना फार तपासावंही लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मैत्रेयीने बापाला जिन्यात गाठलं.

"बाबा, रागावणार नाई ना? आबाजीची खिडकी मी लावली होती. ते झोपले होते अन् कुडकुडून राह्यले होते. मले वाटलं, त्यायले बरं वाटन." मग अगदी हळू म्हणाली, "त्याच्यानंच झालं का?"

पोरीचा श्वास वर चढायला लागला होता, आठ महिन्यांत पहिल्यांदा. आता हिला खरं कळलं तर ही जन्मभर मान वर करायची नाही, हे धम्मरत्नला लख्ख दिसलं. कसली शाळा आणि कसली टेकडी मग!

"नाई माय," तो म्हणाला. "तू लावली ते म्या पाह्यलं ना. लगेच जाऊन उघडली. मंग निजाच्या आधी लय गारठा वाटला, त म्याच लावली."

"खरंच?"

"तुह्या गळ्याची शपथ."

रोज सकाळी पंचशील म्हणणारा माणूस, खोटं बोलणार नाही असं रोज तोंडाने म्हणणारा. पण जीभ जराही अडखळली नाही. पोरीचा श्वास हळूहळू खाली आला.

नलूने दाराआडून सगळं ऐकलं होतं. "तुमी त जेवून जे निजले, ते सकाळीच उठले," ती नंतर म्हणाली. "कायले असं बोलले?"

"चूप राह्य. पोरीले जगू दे."

जलदानाचा विधी वणीला, जुन्या घरीच ठेवला. धम्मरत्नची मोठी बहीण नंदाबाई तिथेच राहायची. आई लवकर गेलेली, म्हणून धम्मरत्नला हिनेच कडेवर वागवून मोठं केलं होतं. भंतेजींनी गाथा सुरू केल्या. भांड्यात तांब्याने पाणी सोडायचं आणि घरच्या सगळ्यांनी तांब्याला हात लावायचा. धम्मरत्नने हात पुढे केला, तोच नंदाबाई बोलली.

"थांब. बाप त मले रोज फोनवर सांगे, खिडकी उघडी ठेवतो म्हणून. मंग लावली कोनं?"

नलूच्या मांडीला टेकलेली मैत्रेयी बापाकडे बघत होती.

"म्या लावली, ताई."

"तुले माहीत होतं ना, सिगडी पेटली हाय म्हणून?"

"हाव."

नंदाबाईने त्याचा हात मनगटाला धरून बाजूला सारला. ना आरडाओरडा, ना शिव्याशाप. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "या हातानं माह्या बापाले पानी नाई द्याचं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. भंतेजी क्षणभर थांबले, मग गाथा पुढे चालू झाल्या. धम्मरत्न मागे जाऊन चपलांपाशी उभा राहिला. बापाच्या नावाचं पाणी भांड्यातून ओसंडेपर्यंत बाकीच्यांचे हात तांब्याला होते.

दुपारच्या बसने ते यवतमाळला निघाले. निघताना नंदाबाई दारापर्यंतही आली नाही. मैत्रेयी बापाशेजारी बसली होती, पण अंग चोरून. मग एकदम म्हणाली,

"बाबा, आबाजीनं सांगतलं होतं ना, हात लावाचा नाई म्हणून?"

"हो, माय."

"मी लहान हाव, मले नाई कळलं. तुमी त मोठे होते. तुमी काहून लावली?"

पलीकडे बसलेली नलू काही बोलायला गेली. धम्मरत्नने तिच्याकडे बघून मान हलवली.

"चुकलं माय माह्यं," तो म्हणाला.

"मले नाई बसाचं तुमच्याजवळ," मैत्रेयी म्हणाली. धम्मरत्न उठला, तिला आईजवळ जायला वाट करून दिली आणि यवतमाळ येईपर्यंत एकटाच बसून राहिला.