अँथनी परेराचं ॲसिडिटीवरचं व्याख्यान

मरोळ गावठाणातला अँथनी परेरा औषधकंपनीत एमआर होता. म्हणजे दवाखान्याबाहेर बॅग मांडीवर घेऊन बसायचं, नंबर लागला की डॉक्टरला दोन मिनिटांत गोळीचे गुण सांगायचे, एक पेन भेट द्यायचं आणि बाहेर पडायचं. उभी नोकरी त्याने ॲसिडिटीची औषधं विकली. दोन मिनिटांत आवरतं घ्यायची सवय मात्र रिटायर झाल्याबरोबर सुटली. गावठाणात कुणी जेवून नुसता ढेकर दिला तरी अँथनी खुर्ची पुढे ओढायचा, आणि ढेकर देणाऱ्याला आपण का दिला असं होऊन जायचं.

स्वतः तो खिशात गोळ्यांची पाकिटं घेऊनच फिरायचा. रात्री डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट इंद्याल दोनदा वाढून घ्यायचं, छातीत जाळ उठला की दोन गोळ्या चघळायच्या आणि बायकोला, व्हायोलेटला, ऐकवायचं की बघ, हे विज्ञान. व्हायोलेटने हे विज्ञान लग्नापासून ऐकलं होतं. ती भांडी घासायला निघून जायची.

गेल्या वर्षभरात त्याचे गुडघे धरायला लागले. डॉक्टरकडे जाणं त्याला कमीपणाचं वाटायचं. डॉक्टरांना शिकवणारे आपण, असं त्याचं पक्कं मत होतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तो वेदनाशामक गोळी आणायचा आणि सकाळी उपाशीपोटी, रात्री झोपताना, अशी घ्यायचा. त्याने पोटात आग पडायची. मग त्या आगीवर ॲसिडिटीच्या गोळ्या. आग शमली की अँथनी खूश, कारण गुडघाही गप्प आणि पोटही गप्प.

मध्यंतरी व्हायोलेटच्या लक्षात आलं की नवऱ्याला संडासला डांबरासारखं काळं होतंय. तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, लोहाच्या गोळ्यांनी होतं तसं. तू लोहाच्या गोळ्या घेत नाहीस, असं तिने सांगितल्यावर तो म्हणाला, मग बीट खाल्लं असेल. त्या घरात बीट कुणी आणत नव्हतं. ती आठवडाभर डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागली, तर त्याने पेपर तोंडासमोर धरला तो खाली घेतलाच नाही.

त्याच सुमारास चर्चच्या ज्येष्ठ मंडळाचा सेक्रेटरी ट्रेव्हर घरी आला. मंडळाच्या मासिक सभेला वक्ता मिळत नव्हता. ठरलेला हृदयरोगतज्ज्ञ ऐनवेळी गोव्याला गेला होता. ट्रेव्हरने फार आढेवेढे न घेता सांगितलं की दुसरं कुणी सापडलं नाही म्हणून तुझ्याकडे आलो. अँथनीने त्यातलं ‘तुझ्याकडे आलो’ एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो बाजारातून जांभळा कोबी घेऊन आला, तो उकळून घरभर वास सोडला आणि आरशासमोर उभा राहून सराव सुरू केला.

सभेला हॉल भरला. एका सभासदाच्या नातवाचा कॅनडाचा व्हिसा झाला होता, त्यामुळे भाषणानंतर पिठाचे तळलेले फुगे आणि इंद्याल मिळणार होतं. ॲसिडिटीवरच्या व्याख्यानाला इंद्याल ठेवू नये असं कुणाच्याही मनात आलं नाही. मागच्या दाराने मसाल्याचा वास येत होता आणि श्रोत्यांची तोंडं अर्धी तिकडे वळलेली होती.

अँथनी कोट घालून उभा राहिला. पोटात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, संडास धुवायला आपण जे आणतो त्याच जातीचं, असं त्याने सुरुवातीलाच सांगितलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडं वाकडी केली. ॲसिड म्हणजे आम्ल, त्याला भेटला अल्कली की दोघांचं भांडण मिटतं आणि उरतं काय, तर क्षार आणि पाणी. खायचा सोडा पटकन काम करतो पण वायू सोडतो, म्हणून सोडा पिऊन माणूस ढेकर देतो. मॅग्नेशियमच्या औषधाने जुलाब होतात, ॲल्युमिनियमच्या औषधाने कोठा धरतो, म्हणून हुशार कंपन्या दोन्ही एकत्र करतात. आमची कंपनी हुशार होती, हे त्याने दोनदा सांगितलं.

मग प्रयोग. काचेच्या ग्लासात त्याने कोबीचं जांभळं पाणी ओतलं. त्यात व्हिनेगर घातल्यावर पाणी गुलाबी झालं. हे तुमचं पोट, तो म्हणाला. गोळी कुटून टाकली, ढवळली, आणि गुलाबीचं हळूहळू पुन्हा जांभळं झालं. टाळ्या पडल्या. ट्रेव्हरसुद्धा टाळ्या वाजवत होता, कारण त्याला वाटलं संपलं.

व्हायोलेट तिसऱ्या रांगेत बसली होती. भाषणाच्या आधी तिने नवऱ्याला दोन गोळ्या तोंडात टाकताना पाहिलं होतं, आणि आता बोलता बोलता आणखी दोन. त्याच्या कपाळावर घाम होता आणि एका हाताने त्याने टेबल घट्ट धरलं होतं. ती उठून पुढे गेली आणि हळूच म्हणाली, बस कर, बस खाली. अँथनीने माईकवरून जाहीर केलं की आमच्या मिसेसना इंद्यालाची घाई झालीय. हॉल हसला. ती तिथेच उभी राहिली.

पुढचं वाक्य त्याने सुरू केलं, टेबलावर वाकला आणि ओकला. कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काहीतरी टेबलभर पसरलं. मागच्या रांगेतल्या काहींना तो प्रयोगाचाच भाग वाटला, आणि एकाने तर पुन्हा टाळी वाजवली. मग अँथनी खाली कोसळला.

ट्रेव्हरच्या गाडीत त्याला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं व्हायोलेटच्या मांडीवर. घाटकोपरच्या हॉस्पिटलला निघाले आणि साकीनाक्याला अडकले. पुढे टेम्पो, मागे बस, ट्रेव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. अँथनीचा चेहरा पांढरा पडला होता, पण शुद्ध आली होती, आणि शुद्ध आली म्हणजे तोंड सुरू झालं. क्षीण आवाजात तो सांगायला लागला की घाबरण्यासारखं नाही, रक्त ॲसिडमध्ये पडलं की त्याचा रंग असा कॉफीसारखा होतो, आणि तेच पुढे आतड्यात गेलं की काळं.

व्हायोलेटने त्याच्या कपाळावरचा हात काढून घेतला.

“म्हणजे ते काळं बघितलंस तेव्हाच तुला कळलं होतं?”

अँथनीने डोळे मिटले. सिग्नल सुटला, गाडी पाइपलाइनच्या बाजूने निघाली. तिने हात परत कपाळावर ठेवला, पण लगेच नाही.

हॉस्पिटलात रक्त चढवलं, दुर्बीण पोटात घातली. डॉक्टर गंधाली म्हणून होती, अँथनीच्या लेकीच्या वयाची. जठराला मोठा अल्सर होता आणि त्यातून रक्त वाहत होतं. ते तिने दुर्बिणीतूनच थांबवलं. नंतर तिने विचारलं, वेदनेच्या गोळ्या घेता का? अँथनी म्हणाला, क्वचित. व्हायोलेटने पर्स उघडली आणि त्याच्या कोटात सापडलेली त्याच गोळ्यांची रिकामी पाकिटं डॉक्टरच्या हातात ठेवली. डॉक्टरने ती एकेक करून मोजली.

मग तिने समजावलं. या गोळ्या जठराचं अस्तर दुबळं करतात आणि ॲसिड भिंतीलाच खायला लागतं. अँटासिड आत्ता पोटात आहे तेवढं ॲसिड मारतं, तासा-दोन तासांत पोट नवीन तयार करतं. तुम्ही दर वेळी दुखणं गप्प करत गेलात आणि जखम तशीच राहिली. आता वेदनेची गोळी बंद, आणि ॲसिड मुळात तयारच कमी व्हावं म्हणून ही कॅप्सूल.

अँथनीला ती कॅप्सूल माहीत होती. दुसऱ्या कंपनीची होती. उभी नोकरी त्याने डॉक्टरांसमोर तिची निंदा केली होती. त्याने ती बोटांत धरून उलटसुलट पाहिली आणि पाण्याबरोबर गिळली. डॉक्टर जाताच मात्र व्हायोलेटला म्हणाला, “शेवटी ॲसिडच निघालं ना? मी काय सांगत होतो?”

ती म्हणाली, “हो. आणि तू सांगतच होतास.”

दोन दिवसांनी ट्रेव्हर संत्री घेऊन भेटायला आला. मंडळाच्या सभासदांना कार्यक्रम फारच आवडला होता. हृदयरोगतज्ज्ञ आला असता तर त्याने नुसती चित्रं दाखवली असती, असं लोकांचं म्हणणं पडलं. इंद्यालही संपलं, कारण अँथनीला गाडीत घातल्यावर सगळ्यांनी प्रार्थना केली आणि मग जेवून घेतलं. तर पुढच्या महिन्यात दुसरा भाग करायचा का? अल्सर असा विषय ठेवू, अनुभवी माणूस आहेच.

अँथनी उशीवरून वर सरकला. गालांवर रंग आला. त्याने घसा साफ केला.

“डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय,” व्हायोलेट संत्रं सोलता सोलता म्हणाली.

डॉक्टरांनी असं काहीच सांगितलेलं नव्हतं. डॉक्टर समजावत होती तेव्हा अँथनी जागा होता आणि त्याने शब्द न् शब्द ऐकला होता. त्याने ट्रेव्हरकडे पाहिलं, मग बायकोच्या हातांकडे. संत्रं सोलून झालं होतं, तरी ती नखांनी ते कुरतडतच होती.

“हो,” तो म्हणाला. “महिनाभर तरी.”