उजवी पाकळी

आश्विनातलं ऊन कलंडलं. पिवळ्या पडत चाललेल्या भातावरून सरकलं, तांबड्या कातळावर चढलं आणि कातळाच्या पोटातल्या चिरेखाणीत उतरून विझलं. चिरे कापून नेले, खड्डा तसाच राहिला. पावसानं तो काठोकाठ भरला. हिरवं, निश्चल, अथांग पाणी. भोवती ना कुंपण, ना पाटी.

त्या पाण्यानं शेवंतीचा सुदन नेला. शाळेतून येताना कमळ काढायला काठावर वाकला, तो वर आलाच नाही.

देव तारी त्याला कोण मारी, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला. ज्याला देव तारत नाही त्याचं काय, हे मात्र कुणी म्हणून ठेवलेलं नाही.

गावाची रीत जुनी. तंटा झाला की देवाला कौल लावायचा. काळ्या पाषाणाच्या छातीवर गुरवानं दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर होय, डावी गळली तर नाही. देव बोलला की विषय मिटला. पुढे पोलीस नाही, कोर्ट नाही.

त्या पाकळ्यांची तगर शेवंतीच्या परसातली. लग्न होऊन आली तेव्हापासून पहाटेची परडी तिचीच. आजही तिनंच नेली. आपल्या पोराच्या न्यायासाठी आपल्याच हातांनी फुलं खुडली, इतका तिचा विश्वास!

सारा गाव नव्या सभामंडपात बसला. मंडप बांधून दिला होता खाणमालकानंच. तो पुढे बसला होता, शुभ्र, शांत, हात जोडून. भिवा गुरवानं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराच्या मरणात खाणमालकाचो दोष आसात, तर उजवो कौल दी. नसात, तर डावो दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव गरजला. शेवंतीही गरजली.

समईची ज्योत लवली. घंटा मुकी राहिली. श्वास थांबले, आणि डावी पाकळी हलके हलके, गिरक्या घेत, खाली आली. उजवी होती तिथंच राहिली.

"होय म्हाराजा!" गाव पुन्हा म्हणाला, नारळाचा प्रसाद घेऊन घरी गेला. शेवंतीच्या ओठांतून मात्र हुंकारही फुटला नाही. उजव्या पाकळीवर भिवाचा अंगठा रेंगाळलेला तिनं पाहिला होता. दाबून, घोटून, अंमळ जास्तच रेंगाळलेला.

भिवाचा तिला राग आला नाही. माणूसच तो, त्याला पोट आहे. पण देवा, तुला काय झालं होतं? एवढीशी पाकळी, आणि ती तुला पाडता येऊ नये?

दिवस बुडाला. वटवाघळं वडातून सुटली, काळी काळी आभाळावर पसरली. देवळात चिटपाखरू नव्हतं. बाईनं ओलांडू नये तो उंबरा शेवंतीनं ओलांडला. गाभारा थंड होता, खाणीतल्या पाण्यासारखा थंड. तिनं तांब्यात बोटं बुडवली, दोन पाकळ्या भिजवल्या, पाषाणाच्या छातीवर लावल्या.

"देवा म्हाराजा," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "माजो सुदन बुडत होतो, तेवा तू थंय होतंस? होतंस तर उजवो दी. नसलंस तर डावो."

'होय म्हाराजा' म्हणायला मागं कुणी नव्हतं.

ती पाहत राहिली. अंधार पायरी पायरीनं आत आला. आणि मग उजवी पाकळी हलली. एक कड सुटली, पाण्याचा थेंब ओघळला, पाकळी पाषाणापासून दूर होऊ लागली.

होता. तो तिथं होता. लेकरू हात मारत होतं, आई आई करत होतं, आणि हा काठावर उभा राहून बघत होता.

डावी पडली तर देव नाही. उजवी पडली तर असला देव आहे. एवढ्या वर्षांच्या परड्या, एवढ्या वर्षांच्या पहाटा, कुठं ठेवायच्या तिनं?

तिचा हात आपसूक पुढे झाला. अंगठ्यानं तिनं ती पाकळी परत पाषाणाला लावली. दाबली, घोटली. डावीवरही दुसरा अंगठा ठेवला.

समईतलं तेल सरलं, ज्योत निमाली. बाहेर कातळावर हिरवं पाणी जागं होतं. आत काळा देव, काळा काळोख, आणि देवाच्या छातीवर टेकलेले आईचे दोन अंगठे, जे तिला आता उचलता येत नव्हते.