पत्रिकेमागचं फ्रेंच पान

कौमुदीच्या मनात एखादी गोष्ट भरली की ब्रह्मदेव आला तरी ती बदलायची नाही. मेलबर्नच्या जुन्या बाजारात तिला चार पिवळी पानं दिसली. अडीचशे वर्षांपूर्वीची, हातानं लिहिलेली, फ्रेंच. विकणारा म्हातारा म्हणाला, कुठल्याशा लग्नाचा कोर्टातला कागद आहे. लग्नाचा म्हटल्यावर कौमुदीनं पुढचं ऐकलंच नाही. मुलीच्या लग्नपत्रिकेला याहून शुभ कागद कुठला मिळणार?

मुलगी म्हणजे चिन्मयी, एकुलती एक. स्थळ सिडनीचं, कौमुदीच्या मैत्रिणीचा डॉक्टर मुलगा शौनक. लग्न जमवलं कौमुदीनं, हॉल धरला कौमुदीनं, शालूही तिनंच निवडला. साखरपुड्याला चिन्मयी शौनकच्या आजीसमोर नुसतीच उभी राहिली, तेव्हा तिच्या डोक्यामागे हात ठेवून तिला नमस्काराला वाकवलंही कौमुदीनंच. चिन्मयीचं प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, "नो वरीज, आई." अशा मुली आता मिळत नाहीत, असं कौमुदी त्यांच्या टार्निट उपनगरभर सांगत सुटली होती. मौन म्हणजे होकार, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पत्रिकेच्या मजकुरामागे त्यातलं एक पान फिकट छापायचं ठरलं. तिच्या नवऱ्यानं, श्रीनाथनं, फोनवरच्या ॲपला ते वाचायला लावलं, तर ॲप म्हणालं, घोडी, मीठ, मंगळवार. मग तिनं चिन्मयीला विचारलं. शाळेत बारावीपर्यंत फ्रेंच होतं तिला, बक्षीससुद्धा मिळालं होतं. चिन्मयी पानं घेऊन खिडकीशी बराच वेळ बसली.

"टू ओल्ड, आई. वाचता येत नाही," ती म्हणाली. "पण थर्ड पेज वापर. दॅट वन इज नाइस."

पत्रिका छापून आल्या. पहिलीला हळदकुंकू लावून कौमुदीनं ती गणपतीपुढे ठेवली आणि शनिवारी दुपारी दुसरी घेऊन ती विलासकाकांकडे गेली. काका दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून मॉरिशसला गेलेले, आणि काकांनी स्वतः तिथल्या कोर्टात तीस वर्षं फ्रेंच कागदांची कारकुनी केलेली. मराठी मोडकं, पण आरत्या सगळ्या पाठ.

काकांनी चष्मा लावला आणि वरचा मजकूर सोडून मागचं पानच वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचा चहा गार झाला. हा चर्चच्या कोर्टाचा निकाल आहे, असं त्यांनी शेवटी सांगितलं. मार्गरीत नावाच्या मुलीचं लग्न रद्द केल्याचा, ते कधी झालंच नव्हतं असं ठरवल्याचा.

कौमुदी आधी हसली. काकांच्या मराठीत 'झालं' आणि 'झालं नाही' यांची अदलाबदल झाली असणार. तिनं पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं. काका तेच सांगत राहिले. पाद्र्यानं विचारलं तेव्हा मुलगी गप्प राहिली. आईनं मागून डोकं धरून खाली वाकवलं, आणि मुलीनं मान डोलावली असं समजून पाद्र्यानं लग्न लावलं. तू नाही का म्हणाली नाहीस, असं पुढे कोर्टानं तिला विचारलं. तिचं उत्तर काकांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"'लग्नाआधी मला कुणी विचारलंच नाही.'"

कौमुदीनं पर्समधून फोन काढला. पण हे अक्षर फार जुनं ना, कुणालाही थोडंच वाचता येतं, असं ती घाईघाईनं म्हणाली. बाकीच्या पानांचे फोटो तिनं दाखवले. ती गिचमिड आपल्यालाही लागत नाही, काकांनी कबूल केलं. पण हे निकालाचं पान मुद्दाम मोठ्या अक्षरात काढलेलं. शाळेत फ्रेंच शिकलेली त्यांची नातसुद्धा हे वाचेल.

गाडीत ऐंशी पत्रिका होत्या. दोन गल्ल्यांच्या रस्त्यात कौमुदी तीनदा चुकली. एकसारख्या त्या घरांत तिला स्वतःचंच घर सापडेना. पोरीनं अक्षर सुंदर दिसलं म्हणून निवडलं असेल. फ्रेंच विसरली असेल. वाचलं असेल तर बोलली का नाही? तोंड होतं ना तिला? आणि मग एकदम आठवलं, साखरपुड्याला हाताखाली लागलेली ती ताठ मान. कौमुदीला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला.

चिन्मयी टेबलाशी बसून पाकिटांवर नावं घालत होती.

"तुला ते पान वाचता आलं होतं," कौमुदी शेजारी बसत म्हणाली.

पेन थांबलं. "येस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आय थॉट, छापायच्या आधी तू कुणाला तरी विचारशील."

इतक्या महिन्यांत केटररला, भटजींना, फुलवाल्याला कौमुदीनं शंभर प्रश्न विचारले होते. हा एकच तोंडातून निघेना. सवयीनं तिचा हात चिन्मयीच्या डोक्यामागे गेला. लक्षात येताच तिनं तो ओढून घेतला आणि मांडीवर घट्ट धरून ठेवला.

"चिनू, तुला हे लग्न करायचंय का?"

आईला नेहमी इंग्रजीत उत्तर देणारी पोर स्वच्छ मराठीत म्हणाली, "नाही, आई. नाही करायचं."

कौमुदीनं टेबलावरची पाकिटं गोळा करून बाजूला ठेवली. मग गणपतीपुढची पत्रिका उचलायला कौमुदी उठली आणि देवासमोर जाऊन थबकली. ठेवताना काय म्हणायचं ते तिला आईनं शिकवलं होतं. परत घेताना काय म्हणतात, ते तिला माहीत नव्हतं.